पांढऱ्या मातीवरचं प्लास्टिक

पाणी लागलं की फुगते आणि स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवते, अशी माती परवा बुलढाण्याच्या एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवली होती. निसर्गाकडून शिकलेलं टिकाऊ साहित्य म्हणे. लोक माना डोलावत होते. मला त्या पेटीचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

धाडजवळच्या आमच्या गावात ही माती आईच्या डोक्यावर होती. घराला धाबं, म्हणजे लाकडांवर वीतभर पांढरी माती टाकलेलं सपाट छत. उन्हाळ्यात तिला भेगा पडत. जूनच्या रिमझिमीत ती पाणी पिऊन फुगायची, आई वर चढून अनवाणी पायांनी ती दाबायची, आणि मग कितीही झोडपलं तरी खाली थेंब येत नसे. माती आई स्वतः निवडून, चाळून टाकायची. कोणती माती घ्यायची हे गावातल्या बायका तिलाच विचारत.

मी मात्र शहाणा. सत्तरीच्या आईनं शिडी चढू नये म्हणून मे महिन्यातच मेहकरहून जाड काळं प्लास्टिक आणलं आणि सगळं धाबं झाकलं.

"काऊन झाकून राह्यला? तिले पाणी पिऊ दे," आई खालून म्हणाली.

"माय, आता थेंब नाई येत खाली," असं म्हणून मी वर हसलो. त्या हसण्याची आजही चीड येते.

रिमझिम सगळी प्लास्टिकवरून वाहून गेली. माती कोरडी, भेगा उघड्या. जुलैत वाऱ्यानं प्लास्टिक फाडलं आणि मागोमाग धो धो पाऊस आला. मातीला फुगायला वेळच मिळाला नाही. पाणी भेगांतून थेट भिंतीत उतरलं आणि भिंत धाब्यासकट बसली. आई शेजारी गेली होती म्हणून वाचली. राहायला तिला तेवढी एकच खोली होती.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. प्लास्टिकच्या चिंध्या ढिगाऱ्यावरच होत्या.

"कशानं पडलं, आजी?"

मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "माती हलकी पडली साहेब. माह्याच हातची व्हती."

जिच्या मातीतून जन्मात कधी थेंब गळला नाही, ती बाई माझं पाप अंगावर घेत होती. तलाठ्यांनी लिहिलं, 'माती निकृष्ट.' आईनं अंगठा दिला. त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली.