अर्धी तर अर्धी

फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणाऱ्या बाईला सगळे भोंगाताई म्हणत. खोक्यावर उभं राहून तिनं गुलाबाचा भाव पुकारला की फाटकाजवळचा हमालही दचकायचा. तोंडही तसंच फटकळ.

जिभेच्या कडेला गाठ आली, ती तिनं बरेच दिवस अंगावर काढली. शेवटी धाकटा भाऊ तिला ओढतच दवाखान्यात घेऊन गेला. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला.

"गाठीपुरतंच कापा हो," भाऊ काकुळतीला आला. "हिचं पोट जिभेवर आहे."

"दाबून बघा," डॉक्टरीणबाई भोंगाताईला म्हणाल्या. "जीभ मऊ, गाठ टणक. ही टणक गाठ भोवतालचे तंतू स्वतःकडे ओढते. एरवी ते अस्ताव्यस्त असतात, ताणले की सरळ होतात. मग गाठीतल्या पेशींना आयत्या वाटा मिळतात. अरुंद फटीतूनही त्या अंग चोरून पुढे सरकतात. म्हणून दिसते तिथे गाठ संपत नाही. भोवतालचा चांगला भागही काढावा लागेल. जवळजवळ अर्धी जीभ."

भोंगाताईनं गाठ पुन्हा चाचपली.

"माझ्याच तोंडात रस्ते काढतेय होय मेली! अर्धी तर अर्धी. कापा."

"ताई, बोलणं जाईल गं!"

"आवाज घशातून येतो रे. शब्दांचं मी बघते."

शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचे उपचार. तोंड सोलून निघालं, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. 'र' आणि 'ल' तर पार बोबडे झाले. भाऊ समोर बसून शब्द म्हणायचा, ती चिडून भांडं आपटायची आणि पुन्हा तोच शब्द म्हणायची.

बाजारात परतली तेव्हा खोक्यावर मुकादमाचा भाचा उभा होता.

"तुम्ही आता वजनकाट्यावर बसा, ताई," मुकादम म्हणाला. "बसून काम."

"बसायला घर आहे मला," ती म्हणाली आणि भाच्याला खाली उतरवून वर चढली.

पहिला भाव जडशीळ, घोगरा निघाला. मागून एका व्यापाऱ्यानं हुबेहूब नक्कल केली. हशा पिकला.

भोंगाताई थांबली. "हसून झालं? आता बोली लाव. ज्याला कळत नसेल त्यानं पुढे यावं."

मग एकेक जण खोक्याजवळ सरकला. भाव चढत गेला. नक्कल करणाऱ्यालाच गुलाब महाग पडले.

अजूनही ती तपासणीला जाते. अजूनही लिलाव तीच पुकारते, आणि माणसं कान देऊन ऐकतात.