सासूबाई मोटारीतून उतरेनात

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नुकतीच लग्न होऊन मेहकरला आले होते आणि आमच्या ह्यांनी तिथं दवाखाना टाकला होता. खेडोपाडी रोग्यांकडे जायला मोटार पाहिजे, हे घरात सगळ्यांना पटलेलं होतं. खामगावच्या एका जिनिंग कारखान्यातला इंग्रज इंजिनियर कायमचा विलायतेला निघालाय आणि मोटार विकतोय, असं कळल्यावर हे कुणाला न विचारता गेले आणि संध्याकाळी मोटार घेऊन दारात उभे राहिले. लाल, बुटकी, लांब नाकाची मोटार. बसायला दोनच जागा.

सासूबाईंनी ओसरीवरून पाहिलं आणि विचारलं, "मांगचा भाग कुठी ठेवला?"

"इतकीच असते माय. दोघाइची गाडी हाय."

"घरात तं आपन तिघं हाओ."

ह्यांनी मोटारीचं नाक पुसायला घेतलं.

ती मोटार ज्यानं कुणी बनवली असेल, त्याला घरदार नसावं. रोगी आणायचा तर कंपाउंडरला उतरून चालत यावं लागे. डॉक्टरी बॅग ठेवायला जागा नाही, ती मांडीवर घ्यायची. वरचं कापडी टप चढवायला दोन माणसं आणि पाऊण तास लागे, म्हणून ते घरीच खुंटीला टांगलेलं असे. पाना, पक्कड, पेचकस ठेवायची जागा शेजारच्या सीटच्या गादीखाली. आणि दाराला बाहेरून मूठच नव्हती. वरून आत हात घालायचा, दाराच्या पोटातली एक बारीक दोरी चाचपायची आणि ओढायची. आतून उघडायचं तरी तीच दोरी. रस्त्यावरचे लोक हात घालून बघत, दार उघडलं की हसत आणि पुन्हा लावून टाकत.

त्या मार्गशीर्षात डोणगावला सासूबाईंच्या भाचीचा साखरपुडा ठरला. सासूबाई भावंडांत थोरल्या, त्यामुळे आत्याशिवाय सुपारी फुटणार नव्हती. भाची बुलढाण्याला मास्तरणीचं शिकत होती आणि शेवटची परीक्षा चैत्रात होती. मुलाकडच्यांना मात्र लग्न माघातच हवं होतं. मामेसासऱ्यांनी, म्हणजे सासूबाईंच्या भावानं, भिडेपोटी अर्धी मान हलवली होती. सासूबाईंना ते मुळीच आवडलेलं नव्हतं. पण मुलाकडच्यांशी वाद घालायचा तरी कसा, म्हणून त्या चार दिवस नुसत्या धुसफुसत होत्या.

मोटारीत दोनच जागा, तेव्हा हे आणि सासूबाई मोटारीनं निघाले आणि मी फराळाचे डबे घेऊन यष्टीनं. यष्टी आधी पोचली. मोटारीचं पोट जमिनीला इतकं लागून होतं की बैलगाडीच्या चाकोऱ्या आल्या की हे थांबत, उतरत, वाकून बघत आणि मग कडेकडेनं पुढं जात. मांडवापुढं मोटार आली तेव्हा सासूबाई डोक्यापासून हनुवटीपर्यंत शेल्यात गुंडाळलेल्या होत्या आणि भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या.

मुलाकडची मंडळी वडनेर भोलजीहून आधीच येऊन सतरंजीवर बसली होती. सगळे बघताहेत म्हणून सासूबाईंनी जरा ऐटीतच दोरी ओढली. दोरी तुटून त्यांच्या हातात आली.

मी जवळ गेले. सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "सूनबाई, दोरी तुटली. कोनाले सांगू नको."

ह्यांनी आत हात घालून पाहिलं. दोरीचं उरलेलं टोक दाराच्या पोटात बोटभर खोल गेलं होतं. "पक्कड लागन," हे म्हणाले.

"मंग घे ना."

"तुह्या खाली हाय."

सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला. पण त्या सीटमध्ये माणूस जमिनीवर पाय पसरून बसल्यासारखा बसतो. मोटारीच्या कडेला धरून त्या दोन बोटं वर आल्या आणि परत खाली गेल्या. ह्यांच्या बाजूनं सरकावं तर मधे गिअरचा दांडा. दारावरून पाय टाकून येता आलं असतं, पण नऊवारी नेसून व्याह्यांच्या देखत त्या तसं करणार नव्हत्या.

"मी इथंच बरी हाओ," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

हे पक्कड शोधायला गावात गेले. मांडवातून बायका कुंकू लावायला आल्या. मोटार इतकी बुटकी की प्रत्येकीला कंबरेत वाकावं लागलं, आणि सासूबाई देवीसारख्या शांत बसून कपाळ पुढं करत होत्या. चहा आला, तो त्यांनी मोटारीतच घेतला. मांडवात कुजबूज सुरू झाली. मामेसासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई काऊन रुसली?" दोरीचं कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून मी फराळाचे डबे मोजायला लागले. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

तेवढ्यात हे पक्कड घेऊन आले. आत हात घातला, टोक चिमटीत धरलं, ओढलं. दार उघडलं. मी हात पुढं केला, तर सासूबाईंनी दार आतून ओढून घेतलं आणि धरून ठेवलं.

"थांब," त्या हळूच म्हणाल्या. मुलाचे वडील मांडवातून येत होते.

ते हात जोडून उभे राहिले. उंच माणूस, त्यांनाही वाकावं लागलं. "इहीनबाई, आमचं काही चुकलं असन तं सांगा. तुमी उतरल्याबिगर सुपारी नाही फुटनार."

"तुमचं काही चुकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पन पोरगी शिकून राह्यली. चैत्रात तिची परीक्षा हाय. माघात लगन केलं तं सारं शिक्षन वाया जाते. मले उतराले मनच होऊन नाही राह्यलं."

मुलाच्या वडिलांनी मागं वळून आपल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मंग वैशाखात करू. त्याच्यात का?"

"पोराले विचारा एकडाव," सासूबाई म्हणाल्या.

मुलाला पुढं आणलं. तो लाजत म्हणाला, "मले चालते." माझी नजर घराच्या दाराआडून बघणाऱ्या भाचीवर गेली. तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता.

सासूबाईंनी मग दार सोडलं, ह्यांनी आणि मी त्यांना काखेत धरून उचललं आणि त्या पदर नीट करून मांडवात गेल्या. सुपारी फुटली, जेवणं झाली. मामेसासरे सगळ्यांना सांगत होते की बाईचा रुसवा लहानपणापासून असाच भारी. सासूबाईंनी ते मान्य केलं.

परत निघताना त्या यष्टीनं गेल्या. म्हणाल्या, "तुमी दोघं जा त्या डबड्यात." मी लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्या शेजारी बसून एवढी लांब आले. वाऱ्यानं एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, तरी हे सगळा रस्ता बोलत होते. दुसऱ्या दिवशी दाराला दोरी म्हणून त्यांनी टाके घालायचा रेशमी दोरा तिपेडी करून बांधला. तो पुढं कधी तुटला नाही.

भाची परीक्षा पास झाली आणि वैशाखात लग्नही झालं. मोटार आमच्याकडे आणखी दोन वर्षं होती. मग मला दिवस गेले. एका सकाळी हे मोटारीभोवती फिरत, दोन सीटच्या मधल्या जागेत वीत ठेवून मोजत होते. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "कितीही मोज. पाळना नाही मावत."

पुढच्याच महिन्यात जुनी जीप आली.