कोट राहिला, सोऱ्या गेला

नव्वदीच्या सुरुवातीला बहारीनमध्ये, सलमानियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्हीची पहिली डिश आमच्याकडे आली, आणि जगाची हवा आता आपल्या अखत्यारीत आली असं मला वाटायला लागलं. खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक बाई राहायच्या. आम्ही सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. त्यांची मुलगी अमेरिकेत, बॉस्टनला, पहिलटकरीण. जानेवारीत तिचे दिवस भरत होते आणि खाला बाळंतपणाला निघाल्या होत्या. कोकण आणि बहारीन यापलीकडे काही न पाहिलेली बाई.

जायच्या आधी आठवडाभर त्या संध्याकाळी वर यायच्या आणि सोफ्याच्या कडेला टेकून तिथली हवा विचारायच्या. इंग्रजी बातम्यांच्या शेवटी अमेरिकेचा नकाशा दाखवत. तो मी मोठ्या ऐटीत समजावून सांगायची. पहिले चार दिवस हवा खरंच बरी होती, एकदा तर आकडा बारा अंशांवर गेला. आम्ही इथे पंधराला स्वेटर घालत होतो, तरी मी त्यांना तिथे ऊबच आहे म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी त्या आल्या नाहीत. पारा झपाट्याने उतरणार आणि बर्फाचं मोठं वादळ बॉस्टनकडे सरकतंय, हे त्या संध्याकाळी मी एकटीनेच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या हॉलमध्ये बॅगेचं वजन झालं. गल्फमधल्या माणसाची बॅग कधी त्याच्या एकट्याची नसते. माझी धाकटी बहीणही बॉस्टनलाच होती. तिच्यासाठी मी भाजणी, गोडा मसाला आणि पितळी सोऱ्या बांधून ठेवला होता. सोऱ्याशिवाय ती बिचारी चकल्या कशा करणार, हा माझा कळवळा. बॅग उचलून मी काट्यावर उभी राहिले. माझं वजन वजा केलं तरी बॅग चार किलो जास्त भरली. दुसरी बॅग डिंकाचे लाडू, अळीव आणि दुपट्यांनी केव्हाच भरली होती.

बॅगेत सगळ्यात वर एक जाडजूड, वजनदार तपकिरी कोट होता. खालांचा नवरा जनाबिया भागात परदेशी लोकांच्या बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये एसीची कामं करायचा. तिथल्या एका गोऱ्या साहेबाने मायदेशी परतताना त्याला तो दिला होता. पुरुषाचा कोट अंगावर घालून विमानात बसायला खाला लाजत होत्या, म्हणून तो बॅगेत. आता एक तर कोट निघणार, नाही तर माझं पार्सल.

खालांनी स्वतः काही ठरवलं नाही. त्यांनी मला विचारलं, "तू रोज बगतेस ना गो? मग सांग, लागंल काय ह्यो कोट?"

मी म्हणाले, "नाही लागणार, खाला. शाल पुरे."

विचार करायला एक क्षणसुद्धा लागला नाही, याचीच मला जास्त लाज वाटते. कोट अंगावर घालूनच जा, असं म्हणता आलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं, आणि वादळाचं कळल्यावर त्यांनी लाजून कोट बॅगेतच ठेवला असता आणि माझं पार्सल राहिलं असतं. त्यांनी कोटाची घडी घातली आणि तो माझ्याकडेच ठेवून गेल्या.

पुढचं मला त्यांच्या नवऱ्याने जिन्यात सांगितलं. विमान उतरलं ते वादळाच्या तोंडाशी. घरी जाताना जावयाची गाडी बर्फात अडकली आणि खाला शाल गुंडाळून रस्त्यात दीड तास उभ्या राहिल्या. छाती भरली, ताप चढला. डॉक्टरांनी त्यांना बाळाजवळ जायला मनाई केली. लेकीला शेक द्यायला, नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला गेलेली बाई तीन आठवडे पलीकडच्या खोलीत पडून होती. नातू त्यांनी दारातून पाहिला. चोराच्या मनात चांदणं, तसा मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर संशय शोधत होते. तो तर मला दुवा देत होता. कोट माझ्या कपाटात होता आणि मी ते कपाट उघडायचं टाळत होते.

मार्चमध्ये खाला परत आल्या, वाळलेल्या, खोकणाऱ्या. येताना माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता. आज सगळं सांगून टाकायचं म्हणून मी पहिलं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पण बोलल्या आधी त्याच.

"तुजी काय चूक गो? आभाळातलं कोणास ठावं? तू बगितलंस तेवडं सांगितलंस."

मी आत जाऊन कोट आणला. त्यांनी तो मांडीवर घेतला, हात फिरवला आणि विचारलं, "चकल्या बऱ्या झाल्या ना तुज्या भैनीच्या?"

"छान झाल्या," मी म्हणाले.

बहिणीने तो सोऱ्या तोवर कागदातून काढलासुद्धा नव्हता.