हा आणि ह्याचा

"खरं पाहिजे असेल तर एकच मिळेल, दोन पाहिजे असतील तर वाळूत दाबतो, पण मग नाकडोळे विचारू नका," असं तो गिऱ्हाइकाला एकदाच सांगायचा.

निवृत्तीनंतर त्यानं घरामागच्या न्हाणीघरात भट्टी मांडली होती. सुकलेली शेंग, मेलेला भुंगा, काहीही आणा, तो पितळेत ओतून द्यायचा. वस्तू मेणाच्या देठावर चिकटवून प्लास्टरमध्ये बुडवायची, तो साचा दिवसभर भट्टीत भाजायचा. आत वस्तूची राख होते. ती फुंकून काढायची आणि रिकाम्या जागेत पितळ ओतायचं. या फुंकण्यावरून गल्लीनं त्याचं नाव फुंकणी ठेवलं. भुंग्याच्या पायावरची लवसुद्धा उमटायची. वस्तू नुसती वाळूत दाबून ठसा घेतला तर ती शाबूत राहायची, पण असे बारकावे बुजायचे.

थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिच्या नवऱ्याची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती. डोळे शाबूत असताना स्वतः कोरलेले बुद्धिबळाचे लाकडी मोहरे तो आता बोटांनी ओळखून खेळायचा. रोज दुपारी, या मेव्हण्याशीच. खेळापेक्षा एकमेकांची उणीदुणी काढण्यात दोघांचा वेळ जास्त जायचा.

एका काळ्या घोड्याच्या मानेला चीर गेली, तशी बहीण धास्तावली. मोडलाच तर जोडीला दुसरा असावा, म्हणून ती घोडा भावाकडे घेऊन गेली आणि दारातूनच म्हणाली, "हा पितळेत ओतून दे." नवऱ्याला सांगितलं, चीर बुजवायला दिलाय. तो दोन दिवस घोड्याच्या जागी बाटलीचं बूच ठेवून खेळला आणि बूच बरं चालतं म्हणाला.

भट्टीच्या भाषेत 'हा ओत' म्हणजे हाच जाळून त्याच्या जागी पितळ, आणि 'ह्याचा ओत' म्हणजे नुसता ह्याचा ठसा; दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर. भावानं ते तिला वीसदा तरी सांगितलं असेल. तिनं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो आला, रुमालातून पितळी घोडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. ती दुसऱ्या रुमालाची वाट पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

"ओतून दे म्हटलं होतं. जाळून दे नव्हतं म्हटलं."

"'हा' म्हणालीस, ताई. 'ह्याचा' म्हणाली असतीस तर वाळूत दाबला असता."

नियमानं त्याचं बरोबर होतं. तरी तो तिच्याकडे न बघता बोलत होता.

आतून नवऱ्यानं हाक मारली. पटासमोर बसून त्यानं हात पुढे केला. घोडा हातात आल्यावर त्याचा अंगठा सरळ घोड्याच्या कानामागे गेला. तिथं फार पूर्वी चाकू घसरला होता.

"माझी चूकसुद्धा उतरलीय," तो म्हणाला. मग घोडा मुठीत धरून, "पण बारीक झालाय."

"धातू निवताना आकसतो, भावोजी."

"आणि लाकडाचा कुठाय?"

भिंती पातळ होत्या आणि नवऱ्याचे कान तिखट. ताईला कळलं, त्यानं मघाचं सगळं ऐकलंय. त्यानं चाचपत पटावरचे मोहरे एकेक करून पेटीत भरले, झाकण लावलं आणि पेटी मेव्हण्याकडे सरकवली.

"हे एकतीसही ने. ओतून टाक. हा एकटा हाताला परका लागतोय."

आवाजात राग आहे का, हे ताई कान देऊन ऐकत होती. नव्हता. अशा कामासाठी तिचा भाऊ एरवी जीव टाकायचा; अर्ध्या गल्लीकडे त्यानं असल्या नाजूक वस्तू मागून पाहिल्या होत्या. त्यानं पेटीवर हात ठेवला. मग हात काढून घेतला, उठला, उंबऱ्यापाशी चपला चढवल्या आणि पेटी तिथंच ठेवून निघून गेला.