आमच्यात चालत नाही

सांगायची लाज वाटते, पण चहा येईपर्यंत ऐका. मी माझ्या बापाच्या मयताला माती खाल्लेली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. डोंबिवलीत आमची चार मजली बिल्डिंग, आम्ही चौथ्यावर नवीन राहायला आलेलो. लिफ्ट कुठली? बिल्डिंगमधलं कुणी गेलं की बाकीचे पुरुष कामावर खाडा करून खांदा द्यायचे. मी मनात म्हटलं, आज मी खांदा द्यायचा आणि त्याची परतफेड कधी? आमचे बाबा रोज खाडीपर्यंत चालून येतात. वीस वर्षांनी ही माणसं इथे असतील तरी का?

पहिल्याच मयताला सेक्रेटरी साळवीकाका बोलवायला आले. मी सांगितलं, "आमच्या घराण्यात दुसऱ्याच्या तिरडीला हात लावत नाहीत."

"आणि तुमच्याकडचं कुणी गेलं तर?"

"घरचेच उचलतो. बाहेरच्यांचा हात चालत नाही."

काकांनी मान डोलावली. मी खूश. पुढे तळमजल्यावरच्या भोईरांची बायको गेली, तेव्हा मला कुणी बोलावलंसुद्धा नाही.

दोनच वर्षांत बाबा गेले. सकाळी, चहा पिता पिता.

घरात पुरुष म्हणाल तर मी आणि कंबर धरलेले मेहुणे. जिन्यात तीस-चाळीस माणसं, सगळी हात बांधून उभी. एक जण पुढे झाला, तर साळवीकाकांनी त्याला मागे ओढलं. "हात लावू नको. त्यांच्यात चालत नाही."

मला तिरडी बांधता येत नव्हती. दोन तास मी गाठी मारतोय आणि त्या सुटतायत. शेवटी आई आतून रडत म्हणाली, "अरे, ही सगळी माणसं नुसती बघत का उभी आहेत?"

काय सांगणार तिला? मी उठलो. "साळवीकाका, ते मी खोटं बोललेलो. खाडा वाचवायला."

मग भोईर पुढे आले, माझ्या हातातली सुतळी घेतली.

"मग दोन तास आम्हाला उभं कशाला ठेवलंस?"

चार मजले बाबांना त्याच माणसांनी उतरवलं. पुढचा खांदा भोईरांचा. माझी मान काही वर होईना.

तेव्हापासून मी एक मयत चुकवलं नाही. शहाड असो, विठ्ठलवाडी असो, ओळखीतलं कुणी गेलं की मी हजर.

मध्यंतरी कळलं, दुसऱ्या मजल्यावरच्या गोडबोले आजी तापाने पडल्यात. म्हटलं, विचारपूस करून येऊ. सुनेने दार उघडलं. आजींनी कॉटवरूनच मला पाहिलं.

"अगं, याला कुणी कळवलं?" त्या सुनेला म्हणाल्या. "मी अजून आहे."