पांदणीतलं इंजीन

इंजीन हे यंत्राचं हृदय असतं, आणि हृदयाला हात घालताना माणसानं घाई करू नये. हे वाक्य आमच्या माजी सरपंचांचं. त्यांच्या हातात नारळ होता आणि फोटो काढणारा अजून यायचा होता.

यंत्र म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणारा जुना लोडर. शेतांकडे जाणारी पांदण रुंद करायला आणलेला. दोन्ही बाजूंनी खोल नाल्या खणून झाल्यावर तो मधोमध काळा धूर ओकून बंद पडला, तोंड शेताकडे करून. पलीकडे, शेताच्या बाजूला, माझा वेचलेला कापूस ट्रॉलीत भरून तयार होता, कळंबला विकायला न्यायचा. नोव्हेंबर असून आभाळ दाटत होतं. मी सारखा वर पाहत होतो.

"मिस्त्री, अजून किती वेळ?"

पांढरकवड्याहून आलेले मिस्त्री पाना न थांबवता म्हणाले, "भाऊ, तुम्ही कापूस वेचता तवा मी बांधावर येऊन इचारतो काय?"

फोटोवाला आला, नारळ फुटला, 'विकासाची वाट' या विषयावर चार शब्द झाले. ते चार नव्हते. मग झाकण उघडलं. आत उंदराचं घरटं निघालं, कापसाचं. गावाकडे निघालेला कापूस आतापर्यंत तेवढाच.

इंजीन बाहेर काढायचं ठरलं. नळ्या सुटल्या, रेडिएटर उतरला. लोडरच्या तोंडाशी सागाच्या तीन बल्ल्यांची तिकाटी करून तिला चेनपुली टांगली. साखळी ओढली तर इंजिनासोबत लोडरच कण्हायला लागला.

"मागचा बोल्ट कोणं काढाचा होता?" मिस्त्री ओरडले.

"तुम्हीच म्हणाले होते, मी काढतो," त्यांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला.

बोल्ट निघाला. इंजीन हवेत झुलू लागलं.

"ठेवाचं कुठं? खाली ठेवलं तं माती जाईन आत," मिस्त्री म्हणाले. "यवतमाळले नेल्याबिगर दुरुस्त होत नाही हे."

"माझी ट्रॉली आहे ना!" मी म्हणालो. इंजीन गेलं की काम संपलं, एवढंच डोक्यात होतं.

ट्रॉलीतला कापूस ताडपत्रीवर उपसायला लागलो तशी बायको म्हणाली, "कायले घाई करून राह्यले? इंजीनले पाणी लागलं तं पुसता येते. कापसाले काय पुसान?"

मी ऐकलं नाही. ट्रॉली मागे घेत तिकाटीखाली लावली. इंजीन अलगद उतरलं. टाळ्या वाजल्या. माजी सरपंचांनी त्याला हार घातला आणि हात उंचावून म्हणाले, "चला, न्या आता यवतमाळले!"

मी ट्रॅक्टरवर चढलो, चालू केला, शेतात मोठा वळसा घेऊन गावाकडे तोंड केलं. समोर लोडर उभा होता.

पांदण सकाळइतकीच बंद होती. फक्त पलीकडे अडकलेल्या मालात आता एका इंजिनाची भर पडली होती.