डबा उघडण्यापूर्वी

"कोणी डबा उघडू नका," असे म्हणून ती डोळे मिटून घेई. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत मधल्या सुट्टीत तलावावरचा ओलसर वारा येत असे. त्या वाऱ्यातून ती एकेक वास अलगद वेचून काढी. "तुमचा झुणका, कांदा जरा करपला. तुमच्याकडे आज अंबाडी." मग डोळे उघडून सुटकेचा निःश्वास टाकी. आम्ही सगळ्या शिक्षिका तो खेळ समजत होतो.

ती भूगोल शिकवी. वय पंचविशीचे. एका संध्याकाळी तलावाच्या काठाने घरी परतताना, नदीचा उगम सांगावा तसे तिने मला सांगितले, "माझ्या आजीले भूल पडली, घरची माणसंही विसरली, मग मामाले, आता आईले. सगळ्यांले पन्नाशीच्या आतच. आईचं आधी नाक गेलं वं. दूध करपलं तरी समजे ना. नावं मागून गेली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, तुझ्या रक्तात असंल, नसंलही. आज काही सांगता येत नाही. म्हणून मीच रोज पाहून राहिली."

वर्गातल्या मुलींची नावे एकदा ऐकली की तिला पाठ होत. तिच्या बुद्धीत कुठे तडा नव्हता. तो शोधण्याचा तिचा नेम मात्र चुकत नसे.

मुलगी पाहायला पाहुणे आले की घरातले दुखणे मागच्या खोलीत ठेवायचे, ही रीत तुमच्याही पाहण्यातली असेल. तिने ती मोडली. पोहे फिरवून झाले की ती आत जाई, आईचा हात धरून तिला पुढच्या खोलीत आणी आणि म्हणे, "मले पाह्यलं. आता माझं पुढचंही पाहून घ्या." तीन स्थळे बश्या अर्ध्या टाकून उठली.

चौथ्या वेळी चहा न्यायला मी होते. पारशिवनीचा एक शिक्षक आपल्या आईसह आला होता. तिच्या आईने त्या बाईंना न्याहाळले.

"काहून आल्या वं तुम्ही?"

"पोरगी पाहायले."

"कोणाची?"

"तुमचीच."

"मले पोरगी हाय?" त्या नवलाने म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. बाकी कोणी हसले नाही.

मग त्यांनी त्याला विचारले, "तू कोण गा?"

"मी पारशिवनीचा मास्तर, आई."

थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी त्याने पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर दिले. एकदा तर "पोहे चांगले झाले, तुम्ही केले का?" असेही विचारले. त्या लाजल्या.

त्याचा होकार आला. तिने नकार कळवला.

"बावळट आहेस," मी म्हणाले.

"पाह्यलं नाही का, आईशी कसा बोलला तो?"

"म्हणूनच तर म्हणते."

"म्हणूनच तर नाही म्हटलं. असा माणूस सोडून जात नाही. जन्मभर माझ्यापाशी बसून सांगत राहील, मी मास्तर, मी मास्तर."

पुढे तिची आई गेली. त्यानेही लग्न केले नाही. सुट्टीत कधी नागपुरास आला की शाळेच्या फाटकाशी उभा राही. दोघे तलावापर्यंत चालत जात. आम्ही खिडकीतून पाहत असू.

ती बेचाळिसाव्या वर्षी गेली, हृदयाच्या आजाराने. लहानपणीच्या तापात झडप खराब झाली होती. तिकडे लक्ष द्यायचे कोणालाच सुचले नव्हते, तिलाही नाही.

रुग्णालयात ती शेवटपर्यंत सगळ्यांना ओळखत होती. भेटायला आलेल्या जुन्या विद्यार्थिनींना नावाने हाक मारी. एका दुपारी तो पारशिवनीहून आला, "या मास्तर," ती म्हणाली, आणि तो खाटेपाशी स्टुलावर बसला. फिनाईलच्या उग्र वासात त्याने सोललेल्या संत्र्याचा वास मिसळला. तक्ता भरायला आलेल्या परिचारिकेने सहज विचारले, "हे तुमचे कोण?"

तिने त्याच्याकडे पाहिले. ओठ हलले आणि थांबले. उत्तरासाठी तिला इतका वेळ घेताना मी कधी पाहिले नव्हते. परिचारिका थोडी थांबली आणि पुढच्या खाटेकडे वळली.